‘सर जमशेटजी’ नेमके कितवे? मुंबईतल्या एका वंशपरंपरागत ब्रिटिश किताबाचा इतिहास

प्रश्न थोडक्यात असा आहे: जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या सर जमशेटजी जीजीभाईंना ब्रिटिशांनी ‘बॅरोनेट’ केलं होतं आणि तो किताब पुढे घराण्यात चालत राहिला. मग ते ‘लॉर्ड’ होते का? त्यांच्यानंतरच्या प्रत्येक वारसाचं नावही जमशेटजी जीजीभाईच कसं दिसतं? आणि स्वतंत्र भारतात या किताबाचं काय झालं?

मी वकील आहे. मुंबईतल्या जुन्या मिळकतींचे सर्च काढणं (जुन्या नोंदी तपासणं) आणि टायटलचे, म्हणजे मालकीहक्काचे, दाखले देणं हे काम तीस वर्षांहून जास्त काळ करतोय. त्यामुळे हा किताब मला इतिहासाच्या पुस्तकात भेटला नाही, दस्तांत भेटला, आणि पहिल्याच भेटीत त्याने मला चकवलं. वकिलीचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. एका मिळकतीची जुनी कागदपत्रं तारखेप्रमाणे लावत होतो. चतुःसीमेत उल्लेख होता, ‘पूर्वेस सर जमशेटजी जीजीभाई, बॅरोनेट, यांची मिळकत’. एक दस्त १८८० च्या दशकातला, दुसरा १९०० नंतरचा, तिसरा पहिल्या महायुद्धाच्या काळातला. तिन्हींत नाव अक्षरन् अक्षर तेच. मी मसुद्यात लिहून टाकलं की शेजारची मिळकत या सबंध काळात एकाच मालकाकडे होती. सीनियरनी मसुदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “हे सर जमशेटजी कितवे?” मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, “पहिले १८५९ साली वारले. तुझ्या तीन दस्तांत तीन वेगळी माणसं आहेत.” त्या संध्याकाळी मी ग्रंथालयात बसून खास या घराण्यासाठी झालेला कायदा पहिल्यांदा वाचला, आणि तेव्हापासून हा विषय मनातून गेलेला नाही.

आधी ‘लॉर्ड’चा मुद्दा मिटवू. बॅरन आणि बॅरोनेट हे शब्द ऐकायला जवळचे असले तरी दर्जा वेगळा. बॅरन हा सरदार, म्हणजे ‘पीअर’. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, बसण्याचा हक्क त्याला किताबाबरोबर मिळत असे आणि त्याला ‘लॉर्ड’ म्हणत. बॅरोनेट त्याच्या खालचा. तो सभागृहात बसत नाही, त्याच्या नावाआधी ‘सर’ लागतं आणि नावानंतर ‘बार्ट.’, म्हणजे बॅरोनेटचं लघुरूप. साधा नाइटही ‘सर’च असतो, पण नाइटचा ‘सर’ त्याच्याबरोबर संपतो आणि बॅरोनेटचा मुलाकडे जातो. रावबहादूर, खानबहादूर हे आपल्याकडचे किताब व्यक्तीपुरते होते. बॅरोनेटसी, म्हणजे बॅरोनेटपद, ही गादी होती.

या गादीचा उगम मात्र पैशाच्या गरजेत आहे. १६११ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात वसाहत टिकवायला फौज हवी होती आणि तिजोरीत पैसा नव्हता. तेव्हा त्याने हा दर्जा काढला. ज्याला बॅरोनेट व्हायचं त्याने ३० शिपायांचा ३ वर्षांचा खर्च द्यायचा, दर शिपायामागे रोजचे ८ पेन्स. हिशोब होतो १,०९५ पौंड. अल्स्टरचं लाल पंजाचं चिन्ह बॅरोनेटांच्या बिल्ल्यावर राहिलं ते तेव्हापासून. म्हणजे ‘दर्जा पाहिजे तर त्यामागे रोकड दिसली पाहिजे’ हे तत्त्व या किताबाच्या जन्मातच आहे. ते ध्यानात ठेवलं तर अडीचशे वर्षांनी मुंबईत जे घडलं ते नीट समजतं.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. आईवडील लवकर गेले. मामा फ्रामजी नसरवानजी मुंबईत रिकाम्या बाटल्यांचा धंदा करत, पोरगा त्यांच्या हाताखाली आला, म्हणून घराण्याला ‘बाटलीवाला’ हे नाव चिकटलं. १८०३ साली मामाच्याच मुलीशी, अवाबाईंशी, लग्न झालं. चीनच्या पाच सफरी त्यांनी केल्या. त्यातली १८०५ ची सफर प्रसिद्ध आहे: ‘ब्रन्सविक’ हे जहाज फ्रेंचांनी पकडलं आणि आफ्रिकेच्या टोकाला नेलं. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. हाच पुढे जार्डिन-मॅथेसन पेढीचा जार्डिन. ही ओळख जमशेटजींच्या दौलतीचा पाया ठरली.

दौलत कापसाची होती तशी अफूचीही होती. माळव्याची अफू मुंबईहून चीनमधल्या कँटनला जायची आणि त्या धंद्यात जमशेटजी हे मुंबईतल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक. १८३९ साली चिनी आयुक्त लिन झेशू यांनी २० हजारांहून जास्त पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा नुकसान झालेल्यांत जमशेटजीही होते. लेखांमध्ये बहुतेक वेळा हे वाक्य गाळलेलं दिसतं. मला ते पटत नाही. दवाखाना, शाळा, पूल हे सगळं खरं आहे आणि तो पैसा कुठून आला हेही खरं आहे. त्यांचा ‘नाइट’ किताब १८४२ चा, पहिलं अफूयुद्ध संपलं ते वर्षही १८४२ च.

तो किताब मिळवणारे ते पहिले भारतीय. मग दानाची रांगच लागली. हॉस्पिटलची पायाभरणी १८४३ ची, ते उघडलं १८४५ साली. त्याच वर्षी माहीमचा कॉजवे झाला. वांद्र्याला होडीने जाताना माणसं बुडायची, आणि कंपनी सरकार पूल बांधायला पैसे देत नव्हतं. अवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, अट एकच घातली की या रस्त्यावर कुणाकडून टोल घ्यायचा नाही. माहीमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड. नाइटची बायको म्हणून त्यांना ‘लेडी’ हा मान मिळाला होता. रोज तिथून जाणाऱ्या कितीतरी लोकांना हा एल. आणि हा जे. माहीत नसतो. पुण्याच्या लोकांसाठी सांगायचं तर बंडगार्डनचा ‘बंड’ म्हणजे मुळा-मुठेवरचा बंधारा, तोही जमशेटजींच्याच पैशांतून झाला, शहराला पाणी मिळावं म्हणून. कलाशिक्षणाची शाळा, म्हणजे आजचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ सालचं.

आणि १८५७ च्याच ऑगस्टमध्ये, उत्तरेत उठाव पेटलेला आणि दिल्ली अजून इंग्रजांच्या हातात परत आलेली नव्हती तेव्हा, व्हिक्टोरिया राणीने जमशेटजींना बॅरोनेट केलं. पहिले भारतीय बॅरोनेट. त्यांच्या कुलचिन्हाचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून परत वाचलं. ढालीवर उगवता सूर्य आहे आणि तो उगवतो आहे घाटांवरून, म्हणजे आपल्या सह्याद्रीवरून. मधमाश्या आहेत, कष्टाच्या खुणेसाठी. शिरोभागी मोर, त्याच्या चोचीत गव्हाची ओंबी. ब्रीद ‘उद्योग आणि औदार्य’. लंडनच्या कुलचिन्हांच्या दप्तरात सिंह आणि गरुडांच्या गर्दीत सह्याद्री जाऊन बसला. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर सूर्य खरोखरच घाटांकडून वर येतो. चित्र ठरवणाऱ्याला मुंबई माहीत होती.

आता खरा पेच. किताबाच्या सनदेत वारसाहक्क ‘औरस पुरुष वंशजा’कडे, म्हणजे बापाकडून थोरल्या मुलाकडे. किताब असा एकाकडे जाणार. आणि संपत्ती? बॅरोनेट दर्जाला शोभेल असं राहायचं तर उत्पन्न पाहिजे, घर पाहिजे. पण पारशी कुटुंबात मालमत्ता सगळ्या मुलांत वाटली जायची. दोन पिढ्यांत हातात राहणार काय? नुसतं ‘सर’ आणि चार खोल्या.

इथे एक जुनी हकीकत सांगितलीच पाहिजे. मुंबई शहरात इंग्रजांचं सुप्रीम कोर्ट (आजचं दिल्लीतलं नव्हे) आल्यावर इंग्लिश कायदा पारशांनाही लागू झाला. त्या कायद्यात मृत्युपत्र नसेल तर स्थावर मालमत्ता सगळीच्या सगळी थोरल्या मुलाकडे. १८३० च्या दशकात एका थोरल्या मुलाने कोर्टात नेमका तोच हक्क सांगितला आणि मुंबईतला पारशी समाज हादरला. भावंडांना रस्त्यावर काढणारा हा कुठला न्याय? समाजाने सरकारकडे अर्ज केले आणि १८३७ चा ९ वा कायदा झाला. त्याने पारशांची स्थावर मालमत्ता वारशापुरती जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, मालमत्तेसारखी धरली आणि थोरल्याचा एकाधिकार मोडला. ज्या समाजाने १८३७ साली थोरल्याच्या हक्काविरुद्ध कायदा करून घेतला, त्याच समाजातल्या सर्वांत मोठ्या घराला तेवीस वर्षांनी थोरल्याच्या हक्कासाठी वेगळा कायदा करून घ्यावा लागला. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. इंग्रजी किताब घ्यायचा तर त्याच्या पाठोपाठ इंग्रजी वारसापद्धतही घरात येते. दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

साधं ट्रस्ट डीड का केलं नाही, असं कुणी विचारेल. कारण खासगी दस्ताने मालमत्ता कायमची बांधून ठेवता येत नाही. कायद्याला ‘सदासर्वकाळ’ हा शब्द खपत नाही, ठरावीक मर्यादेपलीकडे पुढच्या न जन्मलेल्या पिढ्यांवर बंधन घातलं तर ते रद्द ठरतं. ही अडचण फक्त विधिमंडळच दूर करू शकतं. म्हणून १८६० चा २० वा कायदा आला, खास या एका घराण्यासाठी. तोवर जमशेटजी हयात नव्हते. एप्रिल १८५९ मध्ये ते गेले. दोन गोष्टी या कायद्याने किताबाला जोडून टाकल्या: वर्षाला १ लाख रुपये उत्पन्न देणाऱ्या सरकारी प्रॉमिसरी नोटा (सरकारी कर्जरोखे) आणि माझगावची ‘माझगाव कॅसल’ ही हवेली. मालकी विश्वस्तांकडे, उपभोग त्या त्या वेळच्या बॅरोनेटकडे. तो नोटा विकू शकत नाही, घर गहाण टाकू शकत नाही, मृत्युपत्राने कुणाला देऊ शकत नाही. किताब पुढे सरकला की उत्पन्न आणि घर आपोआप पुढे सरकतं.

मराठी वाचकाला हे अगदीच परकं वाटू नये. पेशवाईतला सरंजाम असाच असे. सेनासाहेब सुभा किंवा सेनाखासखेल हा नुसता शब्द नव्हता, त्याच्यामागे मुलूख आणि उत्पन्न होतं, आणि ते सरदाराच्या खासगी वाटणीत मोडत नसे. फरक असा की सरंजाम राज्याकडून यायचा. इथे मात्र जमशेटजींच्याच पैशाचा सरंजाम करून तो त्यांच्याच वंशाला बांधला गेला. दुसरा फरक अधिक कडक: आपल्याकडे दत्तक घेऊन गादी चालायची, निदान चालवण्यासाठी भांडता यायचं. ब्रिटिश किताबाला दत्तक चालत नाही. औरस मुलगा नसेल तर भाऊ, पुतण्या, चुलत शाखा असं पुरुषांच्या रेषेतच शोधत जायचं, आणि रेषा संपली की किताब संपला. मुलींना तर त्यात स्थानच नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिने मला चकवलं: नाव. जो कोणी किताबावर येईल त्याने आपलं नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभाई’ हे नाव धारण करायचं. पारशी पद्धतीत मुलाचं नाव, मग बापाचं नाव. आडनाव स्थिर नाही. थोरले जमशेटजी गेल्यावर मुलगा कर्सेटजी झाला असता ‘सर कर्सेटजी जमशेटजी’, नातू ‘सर माणेकजी कर्सेटजी’, आणि तिसऱ्या पिढीत मूळ माणसाचं नाव किताबातून पुसलं गेलं असतं. ते टाळायला कायद्याने नावच गोठवलं. १८११ साली जन्मलेले कर्सेटजी अर्ध्याहून जास्त आयुष्य कर्सेटजी म्हणून जगले, आणि मग दुसरे सर जमशेटजी झाले. ते १८७७ साली वारले. त्यांच्यानंतर तिसरे, १८९८ पर्यंत. तिसऱ्यांनंतर त्यांचा भाऊ चौथा बॅरोनेट झाला, १९०८ पर्यंत. पाचवे १९३१ पर्यंत, सहावे १९६८ पर्यंत, सातवे २००६ पर्यंत. घरात हाक मारायची नावं वेगवेगळी, सहीचं नाव एकच. म्हणून मी आज कुठल्याही नवशिक्या वकिलाला सांगतो: या घराण्याचा दस्त हातात आला की नाव वाचायच्या आधी तारीख वाच. १८५९, १८७७, १८९८, १९०८, १९३१. एवढे पाच आकडे पाठ असले की कितवे ते लगेच कळतं. १९१५ साली या घराण्यासाठी पुन्हा नवा कायदा झाला, त्यामुळे त्यानंतरच्या व्यवहारात जुना आणि नवा दोन्ही पाहावे लागतात.

सगळ्या घराण्यांनी नाव गोठवलं असं नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या घरात (मूळ आडनाव रेडीमनी, बॅरोनेटसी १९०८ ची) दुसरे कावसजी आणि तिसरे हिरजी, नावं आपापली राहिली. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी या दुसऱ्या बॅरोनेटांच्या देणगीतून १९५२ साली उभी राहिली. करीमभाई इब्राहिम १९१० चे, त्यांच्यासाठीही १९१३ साली कायदा झाला. अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल १९१३ चे, पहिले हिंदू बॅरोनेट.

पेटिट घराण्याने मात्र जीजीभाईंचीच वाट धरली. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट १८९० साली बॅरोनेट झाले आणि १८९३ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. १९०१ साली ते गेले तेव्हा किताब नातवाकडे गेला. नातवाचं जन्मनाव जीजीभाई फ्रामजी, पण तोही झाला सर दिनशा माणेकजी पेटिट. बॅरिस्टर जीनांशी १९१८ साली लग्न केलेल्या रत्नाबाई ऊर्फ रटी या त्यांच्या कन्या. ‘रटीचे वडील सर दिनशा, गिरण्यांचे संस्थापक’ असं लिहिलेलं मी छापील पुस्तकातही पाहिलंय. संस्थापक होते ते तिचे पणजोबा. गोठवलेल्या नावाने माझ्यासारख्यालाच नाही, जाणत्या लेखकांनाही फसवलं.

या दोन घराण्यांची नावं एका निकालाच्या शीर्षकात समोरासमोर आहेत आणि पारशी कायद्यात आजही तो निकाल उघडावा लागतो. आर. डी. टाटांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच बाईंशी लग्न केलं, त्यांना झरतुष्ट्री धर्मात घेतलं. त्यांना पारशी पंचायतीच्या निधींचा आणि संस्थांचा लाभ मिळेल का, हा वाद. वादींमध्ये सर दिनशा पेटिट, प्रतिवादींमध्ये पंचायतीचे विश्वस्त म्हणून सर जमशेटजी जीजीभाई. दावा १९०६ चा, निकाल १९०८ चा, न्यायमूर्ती दावर आणि बीमन. धर्मांतराला धर्माची मनाई नाही, पण हे निधी जन्माने पारशी असलेल्यांसाठी आहेत, असं ठरलं. पारशी बापाची मुलं मात्र आत. त्या सुझानबाईंचा मुलगा म्हणजे जे. आर. डी. टाटा. आणि मुलगी सिला हिचं लग्न पुढे पेटिटांच्याच घरात झालं, ती तिसऱ्या बॅरोनेटांची पत्नी, लेडी पेटिट झाली. १९०८ सालीच जीजीभाईंचे चौथे बॅरोनेट वारले आणि पाचवे आले. कायद्याच्या रिपोर्टात मात्र नाव बदलायची गरजच पडली नाही.

दुसरा खटला कंपनी कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो, फक्त तो बॅरोनेटचा आहे हे लक्षात राहत नाही. दुसरे सर दिनशा पेटिट यांनी चार खासगी कंपन्या काढल्या. गुंतवणुकीचं उत्पन्न कागदोपत्री कंपन्यांकडे जायचं आणि तिथून ‘कर्ज’ म्हणून सर दिनशांकडे परत यायचं. उत्पन्न विभागलं की सुपरटॅक्स, म्हणजे मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर, वाचतो. १९२७ साली मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीचा पडदा बाजूला केला आणि म्हटलं की या कंपन्या म्हणजे सर दिनशा स्वतःच. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. बॅरोनेटसीच्या कायद्याने माणूस वेगळा आणि किताबाची मालमत्ता वेगळी अशी भिंत उभी केली, ती विधिमंडळाने मान्य केली म्हणून टिकली. त्याच घरातल्या माणसाने स्वतःच्या सोयीसाठी तशीच भिंत कंपनीच्या रूपात बांधली, ती कोर्टात एका सुनावणीत पडली.

‘लॉर्ड’ झालेला भारतीय पाहायचा असेल तर बंगालकडे जावं लागेल. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, बीरभूम जिल्ह्यातल्या रायपूरचे, १९१९ साली बॅरन सिन्हा झाले. वंशपरंपरागत पीअर होणारे एकमेव भारतीय. १९२८ साली ते वारले, पण मुलगा अरुण यांना हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायला १९३९ उजाडलं. कारण? वडिलांचं लग्न हिंदू पद्धतीने झालेलं. त्या काळचा हिंदू पुरुष कायद्याने दुसरं लग्न करू शकत होता. मग असं लग्न इंग्लिश कायद्याच्या दृष्टीने ‘लग्न’ आहे का, आणि नसेल तर मुलगा ‘औरस’ कसा? सिन्हांनी पुढे ब्राह्मो समाज स्वीकारला होता, म्हणजे लग्न एकपत्नीच झालं होतं, याचाही विचार होऊन अखेर दावा मान्य झाला. एका नामवंत बॅरिस्टरच्या, ब्रिटिश मंत्रिपद भूषवलेल्या माणसाच्या मुलाला आपण औरस असल्याचं परक्या देशातल्या समितीपुढे सिद्ध करावं लागलं. किताब देताना हात सैल होता, वारसा मानताना नाही.

आता शेवटचा प्रश्न, स्वतंत्र भारताचा. संविधानाचं १८ वं कलम लोक ‘किताब रद्द करणारं कलम’ म्हणून सांगतात. ते शब्द नीट वाचा. राज्य कोणताही किताब देणार नाही, लष्करी किंवा विद्याविषयक मानाचा अपवाद सोडून, आणि भारताचा नागरिक परकीय राज्याकडून किताब स्वीकारणार नाही. आधी दिलेला वंशपरंपरागत किताब खालसा होईल असं एक अक्षरही त्यात नाही. संस्थानिकांची मान्यता काढून घ्यायला १९७१ साली वेगळी २६ वी घटनादुरुस्ती करावी लागली, बॅरोनेटांसाठी तसं कुणी काही केलं नाही. मग वडिलांनंतर मुलाकडे आलेला किताब हा ‘स्वीकारलेला’ की नुसता ‘आलेला’? माझं मत असं की जन्माने आलेली गोष्ट स्वीकारण्याच्या व्याख्येत बसवणं अवघड आहे. पण भारतीय राज्याच्या लेखी त्या ‘सर’ला काही अर्थ नाही, हेही तितकंच खरं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतरत्न आणि पद्म सन्मान हे किताब नाहीत असं ठरवताना बजावलं की ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत. आपल्याच राज्याचा मान जिथे नावाला लावता येत नाही, तिथे परक्या राणीच्या ‘सर’ची वेगळी सोय असायचं कारण नाही. म्हणून आजच्या दस्तात मी पक्षकाराचं नाव ‘सर’ शिवाय लिहितो आणि जुन्या दस्तातून उतरवून घेताना मात्र जसं आहे तसं, ‘सर’ आणि ‘बॅरोनेट’ सकट.

ब्रिटनच्या बाजूने किताब चालू आहे. तिथे १९१० च्या राजाज्ञेने बॅरोनेटांची अधिकृत नोंदवही सुरू झाली. वारसाने जन्माचे, लग्नाचे दाखले देऊन आपला हक्क सिद्ध करायचा आणि नाव नोंदवून घ्यायचं, नोंद नसेल तर सरकारी कागदात ‘सर’ लागत नाही. नवे किताब १९६४ नंतर जवळजवळ थांबले, ठळक अपवाद १९९० साली मार्गारेट थॅचर यांचे पती डेनिस यांचा.

मालमत्तेचा धागा मात्र भारतात आहे आणि तो भारतीय कायद्यानेच तपासायचा. हिंदू घराण्याच्या बाबतीत एक तरतूद नेहमी नजरेतून सुटते: १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं ५ वं कलम. तो कायदा येण्याआधीच्या एखाद्या विशेष कायद्याने मालमत्ता एकाच वारसाकडे जात असेल, तर त्या मालमत्तेला हा कायदा लागू होत नाही. मुली आणि इतर मुलगे यांचे हिस्से काढून मोकळं होण्याआधी ते कलम उघडून बघावं. पारशी घराण्याच्या मिळकतीत हे कलम येतच नाही. तिथे पहिल्यांदा मूळ कायद्याची अनुसूची मागवायची, मिळकत त्यात आहे का ते सिटी सर्व्हेच्या नंबराशी ताडून बघायचं, कारण बॅरोनेटची खासगी मिळकत आणि बॅरोनेटसीची मिळकत या शेजारी-शेजारी असू शकतात, आणि दोन्हींवर मालकाच्या रकान्यात नाव एकच असतं.